अंगावर आला, तर शिंगावर कसा घ्यायचा?

वाचकांचे प्रश्न : मुष्टियुद्ध

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून या वेळी आलेल्या पत्रांचं गाऱ्हाणं एकच आहे : समोरचा थांबतच नाही. घंटा झाली की जो अंगावर येतो तो फेरी संपेपर्यंत हटत नाही, आणि आपली पाठ दोराला लागते. म्हणून हा महिना त्याच एका प्रतिस्पर्ध्याचा. जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे तुम्ही डावा पाय पुढे ठेवून उभे राहता आणि समोरचाही तसाच उभा आहे, असं धरलं आहे.

माझं वय १९, वजन ६० किलो, उंची ५ फूट ९ इंच. जॅब चांगला आहे असं सगळे म्हणतात. पण बुटका, मान खाली घालून सरळ घुसणारा कुणी समोर आला की पहिली फेरी माझी, दुसरी अर्धी अर्धी आणि तिसरी पूर्ण त्याची. लागोपाठ दोन लढती अशाच गेल्या. दम कमी पडतो का? — जुळे सोलापूर

दम कमी पडत असेलच. पण हा दोष नाही, दोषाचा परिणाम आहे. दुखणं पायांत आहे.

हिशोब करून पाहा. रिंग दोरांच्या आत ६.१० मीटर, म्हणजे २० फूट. मध्यापासून दोर तीन मीटरवर. मागे सरकताना पाऊल साधारण ४० सेंटिमीटरचं पडतं, त्यात उजवा पाय आधीच मागे. म्हणजे सहा-सात पावलांत पाठ दोराला. पुढे चालणारा माणूस मागे चालणाऱ्यापेक्षा नेहमीच वेगात चालतो आणि त्याला दमही कमी लागतो. तुम्ही मागावरच्या धोट्यासारखे एकाच रेषेत मागे-पुढे करता. त्याला फक्त त्या रेषेवर चालत राहायचं असतं. तो तुम्हाला दमवत नाही, तुम्ही स्वतः दमता आणि त्याचं श्रेय त्याला मिळतं.

म्हणून नियम असा : मागे पहिलं पाऊल चालेल, दुसरं नको. दुसरं पाऊल बाजूलाच पडलं पाहिजे.

आता जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. मागे जाता जाता मारलेल्या जॅबमागे अंगाचं वजन नसतं, नुसता हात असतो. शिवाय समोरचा मान खाली घालून येतो म्हटल्यावर तुमची मूठ त्याच्या टाळूजवळ आदळते. तिथे मारून तो थांबत नाही, जज गुण धरत नाहीत (डोक्याचा पुढचा आणि बाजूचा भाग एवढाच ग्राह्य), आणि दुखतं ते तुमच्या मुठीतलं हाड. अशा माणसाला जॅब छातीवर द्या, बरोबर मधल्या हाडावर. त्यासाठी गुडघ्यातून खाली उतरा, कंबरेतून ओणवे होऊ नका. उजवा चवडा जमिनीत रोवलेला, डावा खांदा हनुवटीला टेकलेला, उजवा हात गालावर. तोंडावरच्या जॅबपासून तो डोकं हलवून सुटतो. छाती तशी हलवता येत नाही. छातीवर ताठ हाताचा जॅब बसला की माणूस जागेवर उभा राहतो, आणि तुम्हाला तेवढंच हवं आहे.

मारायचा कधी? त्याचा पुढचा पाय हवेत असताना. पाय टेकला की तो मार झेलू शकतो आणि दिशाही बदलू शकतो. पाय हवेत असताना यातलं काहीच जमत नाही. पण म्हणून त्याच्या पायांकडे बघत बसू नका. नजर त्याच्या गळ्याखाली ठेवा. खांदा पुढे झुकला की पाय उचललेलाच असतो.

पूर्ण डाव असा. तो येऊ लागला की उजवा पाय वीतभर मागे, डावा त्याच्या मागोमाग. हे तुमचं एकुलतं एक मागचं पाऊल. वीतभरच, कारण त्याचा ठोसा थोडक्यात हुकावा एवढंच काम आहे. हातभर गेलात तर तुमचाही पोहोचणार नाही. उजवा चवडा रोवला गेला की छातीवर जॅब, लगेच उजवा सरळ तोंडावर, मग डावा हूक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा). हूक जात असतानाच डाव्या चवड्यावर गिरकी घ्या : उजवा पाय पाठीमागून डावीकडे पाव वर्तुळ सरकतो, तुमचं तोंड उजवीकडे वळतं, आणि तुम्ही मघाशी जिथे होता त्या मोकळ्या जागेत तो जाऊन उभा राहतो. आता त्याला पाय जुळवून तुमच्याकडे वळावं लागणार. त्यात एखादा सेकंद जातो.

बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. गिरकी जमली की ‘सुटलो’ म्हणून श्वास सोडतात, दोन पावलं लांब जातात आणि पुन्हा त्याची वाट बघत उभे राहतात. मग त्याची चाल पहिल्यापासून सुरू, तुमची मेहनत पाण्यात. तो वळत असतानाच तोंडावर दोन जॅब द्या. लांब जायचं ते त्यानंतर. जजला दिसलं पाहिजे की तो चालतोय, पण लढत तुम्ही चालवताय.

शेवटचा जोराचा ठोसा डाव्याचा का? उजव्याने संपवून निघालात तर उजवा हात परत येईपर्यंत तो गाल उघडा असतो, आणि अंगावर येणाऱ्यांचं लाडकं हत्यार म्हणजे डावा हूक. तो तिथेच येतो. गिरकी डावीकडे घ्यायची तीही याचसाठी. त्याचा डावा हात तुमच्या उजव्या बाजूला असतो, त्याच्यापासून दूर जायचं.

मात्र दर वेळी डावीकडेच गेलात तर दुसऱ्या फेरीत तो तिरपं पाऊल टाकून वाट अडवेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी डावा खांदा किंचित खाली टाकून डावीकडे निघाल्याची हूल द्या आणि उजवा पाय चांगला दीड फूट उजवीकडे टाका. या बाजूला त्याचा हूक आहे, त्यामुळे उजवा हात गालाला चिकटलेलाच. इथे अर्धवट पाऊल टाकण्यापेक्षा न टाकलेलं बरं.

काय बिघडतं तेही सांगतो. गिरकी सपाट तळव्यावर घेतली की पाय जमिनीला धरून राहतो आणि गुडघा पिळला जातो. सिमेंटवर रबरी तळाच्या बुटांनी तर हमखास. टाच बोटभर उचललेली हवी. दुसरं, घाबरून वरचं अंग मागे झुकवणं : डोकं वाचतं, पण कंबर आहे तिथेच राहते, त्याचा दुसरा ठोसा लागतो आणि उलट मारायला तोल उरत नाही. तिसरं, घाईत पायावर पाय टाकणं. त्या क्षणी हलका धक्का लागला तरी माणूस बसतो, आणि रेफरीला ते ठोशाने पडल्यासारखं दिसलं तर आठ अंक मोजले जातात.

सरावाला रिंग लागत नाही. गच्चीवर खडूने किंवा रांगोळीने अधिकचं मोठं चिन्ह काढा, प्रत्येक हात दोन फुटांचा. डावा चवडा मध्यबिंदूवर. गिरकी घेतल्यावर चवडा बिंदूवरच राहिला का आणि उजवा पाय डावीकडच्या रेघेवर आला का, एवढंच बघा. पहिला आठवडा ठोसे नाहीत, रोज पाच मिनिटं नुसते पाय. दुसऱ्या आठवड्यात जॅब, तिसऱ्यात समोर माणूस. त्याने छातीशी उशी धरून तुमच्यावर चालत यायचं, मारायचं काही नाही. चौथ्या आठवड्याआधी स्पारिंगमध्ये (जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीत) हे करून बघू नका. अर्धा शिकलेला डाव मार खाताना सगळ्यात आधी विसरतो.

लहानपणापासून तालमीत कुस्ती केली, दोन वर्षांपासून बॉक्सिंग. समोरचा जवळ आला की माझा हात आपोआप त्याच्या मानेवर जातो आणि रेफरी समज देतो. कुस्तीचा इथे काहीच उपयोग नाही का? — उत्तर कसबा

उपयोग मोठा आहे, फक्त पकड विसरा. हौशी मुष्टियुद्धात धरून ठेवणं हा फाऊल. आधी समज, मग वॉर्निंग. वॉर्निंग म्हणजे प्रत्येक जजच्या कार्डावर एक गुण गेला, आणि तिसऱ्या वॉर्निंगला लढतीतूनच बाहेर. फेरी बहुधा १०-९ (जिंकणाऱ्याला दहा, दुसऱ्याला नऊ) अशीच सुटते, तेव्हा एक गुण म्हणजे जवळजवळ एक फेरी.

जुन्या व्यावसायिक लढती पाहून गैरसमज होतो. २८ जानेवारी १९७४ च्या दुसऱ्या लढतीत मुहम्मद अलीने जो फ्रेझरला वारंवार मानेला धरून ओढलं आणि १२ फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला. तो रेफरी चालवून घेत होता. तुमचा घेणार नाही.

तालमीतून आणायची गोष्ट म्हणजे अंगाला अंग लागल्यावर समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते ओळखणं. हे बॉक्सरला वर्षानुवर्षं शिकवावं लागतं, तुम्हाला आयतं मिळालंय. तो रेटा देतो तेव्हा उलट रेटू नका. खडाखडीत करता तसंच, त्याचं वजन पुढच्या पायावर आलं की पाव वळसा घेऊन बाजूला व्हा. तो स्वतःच्याच जोराने पुढे जाईल. जवळ असताना तुमचे दोन्ही हात त्याच्या हातांच्या आतल्या बाजूला हवेत, ग्लोव्हज त्याच्या दंडाच्या आतून, कोपरं तुमच्या बरगड्यांना लागलेली. आत ज्याचे हात, त्याचे आखूड ठोसे. आणि कधीकधी दूर पळण्यापेक्षा एक पाऊल आणखी आत जाणंच शहाणपणाचं असतं : घुसणाऱ्याला मारायला अर्ध्या हाताचं अंतर लागतं, छातीला छाती लागली की तेही संपतं. दोन आखूड ठोसे पोटात द्या आणि रेफरीने ‘ब्रेक’ म्हणायच्या आत बाजूने निघा.

तीन सवयी मात्र सोडा. कपाळाला कपाळ लावणं पहिली. पुरुषांच्या वरिष्ठ गटात २०१३ पासून हेडगार्ड नाही. डोक्याला डोकं लागलं की भुवई फाटते, रेफरीला तुमचं डोकं दिसलं तर वॉर्निंगही तुम्हालाच. कानाला कान येईल असं डोकं ठेवा. दुसरी, कंबरेतून वाकून उभं राहणं. पट काढायला ते ठीक, इथे अपरकट, म्हणजे खालून वर हनुवटीकडे येणारा ठोसा, तयारच असतो. तिसरी, पाय फार फाकवणं. खांद्याच्या रुंदीपेक्षा वीतभर जास्त, बस्स. त्याहून रुंद उभे राहिलात तर गिरकी होत नाही.

तो वाकून येतो, मग अपरकट सगळ्यात सोपा नाही का? मला तो लागतच नाही, उलट मीच हूक खातो. — बार्शी

कारण हात कंबरेपर्यंत खाली नेऊन मारताय. ८ मार्च १९७१ च्या न्यूयॉर्कमधल्या लढतीत पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हूकने अली आडवा झाला, तोही उजवा अपरकट टाकण्यासाठी हात खाली आणताना. फ्रेझरच्या गोटातल्या एडी फचने अलीची ही खोड आधीच हेरलेली होती.

अपरकटचा हात छातीखाली जाऊ देऊ नका. जोर गुडघ्यातून आणि उजव्या कुल्ह्यातून येतो. हात फक्त ग्लोव्हची तळहाताकडची बाजू स्वतःकडे वळवून वीतभर वर जातो. आणि तो पहिला ठोसा म्हणून कधीच नाही. आधी छातीवर जॅब, त्याने तो अडखळतो, डोकं पुढच्या गुडघ्याच्याही पुढे येतं, तेव्हा. डोकं गुडघ्याच्या मागे असेल तर अपरकट हवेतच जाणार.

त्यापेक्षा भरवशाचं काम पोटावर आहे. तो उजवा मारतो तेव्हा त्याचं उजवं कोपर बरगड्या सोडून उचललं जातं. त्या खाली, शेवटच्या बरगडीशी, डावा हूक. तिथे यकृत असतं. पहिल्या फेरीत त्याला काही वाटल्याचं दिसणार नाही. तरीही मारत राहा. तिसऱ्या फेरीत त्याचे पाय जड झालेले दिसतील, कोपरं खाली आलेली दिसतील, आणि मग तोंड मोकळं सापडेल.

अलीने जॉर्ज फोरमनविरुद्ध केलं तसं दोराला टेकून समोरच्याला दमू द्यावं का? — पंढरपूर

नको. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात ती युक्ती चालली, कारण लढत १५ फेऱ्यांची होती, दोर सैल होते आणि फोरमन आठव्या फेरीपर्यंत दमून गेला होता. तुमच्याकडे सगळ्या मिळून नऊ मिनिटं आहेत. त्यातली तीन दोराला टेकून घालवलीत तर ती फेरी पाचही जज त्याला देतील, कारण वरचष्मा कुणाचा हेही गुणांत धरतात. दोरावर अंग टाकून उसळी घेणं हा फाऊल आहे, तो वेगळाच.

पाठ लागलीच तर काय करायचं ते मात्र पाठ असावं. कोपरं बरगड्यांना, हनुवटी खाली, डावा खांदा पुढे. त्याचे दोन-तीन ठोसे ग्लोव्ह आणि कोपरांवर घ्या, सगळे नाही. चौथ्याची वाट न पाहता त्याच्या डाव्या हूकखालून गुडघ्यात वाकून उजवीकडे निघा, आणि वर येता येता डावा हूक त्याच्या पोटात. आता दोर त्याच्या समोर आहे, तुम्ही बाजूला. ज्याला हूक नाही, नुसते सरळ ठोसे आहेत, त्याच्या उजव्याच्या बाहेरून डावीकडे निघणं सोपं.

समोरचा साऊथपॉ (उजवा पाय पुढे ठेवून लढणारा) असून अंगावर येत असेल तर? — मोहोळ

तुमचा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवा, डावीकडेच फिरा, आणि जॅबऐवजी सरळ उजवा हात पहिला. त्याचा डावा हात तुमच्या उजव्या बाजूला आहे. तिकडे गेलात तर संपलं.

मुलगी १६ वर्षांची, ज्युनिअर गटात. पुढे येणाऱ्या मुलींसमोर दुसऱ्या फेरीपासून हात खाली येतात. आहारात काय वाढवावं? उन्हाळ्यात सराव करून आली की डोकं दुखतं म्हणते. — अक्कलकोट रोड

डोकेदुखीचं आधी, कारण ते महत्त्वाचं. ज्या दिवशी स्पारिंग नव्हतं, नुसता सराव होता, त्या दिवशीही दुखतं का हे विचारा. तसं असेल तर बहुधा पाणी आणि मीठ कमी पडतंय. फक्त स्पारिंगनंतर दुखत असेल तर ते उन्हावर ढकलू नका. स्पारिंग बंद, डॉक्टरांना दाखवणं आणि प्रशिक्षकांना सांगणं. उलटी, धूसर दिसणं, तेच तेच विचारणं, वाढत जाणारी डोकेदुखी यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी रुग्णालय. ‘बॉक्सिंग म्हटल्यावर एवढं चालायचंच’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे दुपारी ४२ अंशांच्या पुढे, आणि पत्र्याच्या छताखाली संध्याकाळी सहालाही भट्टी असते. सराव पहाटे साडेपाच ते सात किंवा रात्री सातनंतर. सरावाआधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. अर्धा किलो कमी भरलं तर पुढच्या दोन-तीन तासांत पाऊण लिटर पाणी घोट घोट जायला हवं, एकदम नाही. ओआरएसचं पाकीट एक लिटरमध्ये पूर्ण घालायचं, अर्धं पाकीट पेल्यात नाही. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मध्यंतरात मानेवर ओला टॉवेल. टॉवेलच्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

आहारात गडबड बहुधा काय खाल्लं याची नसते, कधी खाल्लं याची असते. ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाचटणी हे उत्तम जेवण आहे, पण सरावाच्या तीन तास आधी. शेंगदाण्यातलं तेल पचायला वेळ घेतं. तासभर आधी भूक लागली तर केळं. वजन उतरवण्यासाठी प्लास्टिकचा सूट घालून पळवणं सोळाव्या वर्षी अजिबात नको, या हवेत तर कुणीच नको.

हात खाली येण्याचं कारण मात्र वेगळंच असू शकतं. तिच्या गटात दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. पुढे येणारीसमोर ती घाबरून श्वास रोखून धरते का, ते बघा. ठोशागणिक नाकातून ‘हुस्’ असा श्वास बाहेर यायला हवा. श्वास रोखला की चाळीस सेकंदांत खांदे भरून येतात, मग कितीही पळवा. बॅगवर दोन मिनिटं काम, एक मिनिट विश्रांती, अशा सहा फेऱ्या आठवड्यातून तीनदा. प्रत्येक फेरीचे शेवटचे वीस सेकंद न थांबता सरळ ठोसे. आणि दोन्ही काखांत रुमालाच्या गुंडाळ्या धरून पाच मिनिटं शॅडो, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे. गुंडाळी पडली म्हणजे कोपर उघडलं. उघड्या कोपरांनी हात दुप्पट लवकर दमतात.

पहिल्या दोन फेऱ्या आपल्या आहेत असं कॉर्नरला (कोपऱ्यात उभ्या प्रशिक्षकांना) वाटतं. तिसऱ्यात जपून खेळावं की भिडावं? — विजापूर रोड

दोन्ही नाही. जपून म्हणजे मागे, आणि मागे म्हणजे पुन्हा तोच दोर. भिडणं तर त्याचाच खेळ. १७ मार्च १९९० ला मेल्ड्रिक टेलर तीनपैकी दोन जजच्या कार्डांवर ज्युलिओ सेझार चावेझच्या पुढे होता. बाराव्या फेरीतही तो भिडत राहिला, खाली पडला, आणि फेरीला दोन सेकंद उरले असताना रेफरीने लढत थांबवली. चावेझ म्हणजे अंगावर येण्यातला उस्तादच.

जे केल्याने दोन फेऱ्या आल्या तेच करा, फक्त ठोशांची साखळी तीनवरून दोनवर आणा आणि गिरकी लवकर घ्या. रिंगचा मध्य सोडू नका. ९ नोव्हेंबर १९९६ च्या पहिल्या लढतीत होलीफिल्डने टायसनला असंच अडवलं होतं : मागे जाण्याऐवजी तो आत येत असतानाच मारायचं, जवळ आला की त्याच्या हातांना वाव ठेवायचा नाही, आणि संधी मिळताच त्यालाच मागे रेटायचं. टायसनला मागे चालत लढायची सवय नव्हती. अंगावर येणाऱ्या बहुतेकांना नसते. म्हणून फेरीत दोन-तीनदा, त्याला अपेक्षा नसताना, तुम्ही एक पाऊल पुढे टाकून जॅब मारा आणि तो काय करतो बघा. पुष्कळदा नुसता थबकतो.

आमच्याकडे १५ बाय १८ फुटांचा हॉल, दोन बॅगा आणि चौदा मुलं. रिंग नाही. अशा जागेत अंगावर येणाऱ्या बॉक्सरसमोरचा सराव कसा घ्यावा? — एक प्रशिक्षक, होटगी रोड

छोटी जागा या सरावाला चांगलीच. भिंतीपासून दोन फूट आत जमिनीवर खडूने चौकोन आखा. ती रेघ म्हणजे दोर. रेघेवर पाय पडला की जोडी थांबवायची आणि मध्यापासून पुन्हा. कोपरे मात्र आखूनच ठेवा, मुलं गोल फिरून कोपरा विसरतात.

आठवड्यातून एकदा, जास्त नाही, तीन जणांची फेरी घ्या : बचाव करणारा एकच, समोर दर मिनिटाला ताजा मुलगा. तीन मिनिटं झाली की विश्रांती एक मिनिट, अशा दोन फेऱ्या. ताकद निम्मी, १६ औंसांचे ग्लोव्हज, हेडगार्ड, माउथगार्ड. पुढे येणाऱ्याला फक्त छाती-पोटावर मारायची मुभा द्या. पायांचा सराव होतो आणि डोकी वाचतात. ज्याला अलीकडे डोक्यावर जोराचा मार लागला असेल त्याला या फेरीतून पूर्ण वगळा. डोक्याच्या माराने लढत थांबली असेल तर हौशी नियमांत किमान ३० दिवसांची सक्तीची विश्रांती आहे, सरावातही तोच दंडक पाळा.

उरलेली मुलं रिकामी बसवू नका. दोन खांबांत हनुवटीच्या उंचीवर सुतळी बांधा : गुडघ्यात वाकून डोकं सुतळीखालून या बाजूचं त्या बाजूला, प्रत्येक वेळी पाऊल पुढे. पाठ वाकली तर मोजायचं नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांची नजर वर आणि तोल पायांत असतो, ते मुलांनी पाहिलेलंच असतं. तेवढी आठवण करून दिली की लांबलचक समजावण्याची गरज पडत नाही.

बँडेज साडेचार मीटरपेक्षा लांब घेऊ नका, स्पर्धेत चालत नाही.

आणि भिंतीशी एक वही ठेवा. प्रत्येक फेरीत एका मुलाने फक्त एकच गोष्ट टिपायची : बचाव करणाऱ्याने सरळ मागे दुसरं पाऊल टाकलं की एक रेघ. पहिल्या दिवशी तीन मिनिटांत वीस-पंचवीस रेघा आल्या तर घाबरू नका. महिन्याभरात त्या पाच-सहावर आल्या तर मुलाला स्पर्धेत उतरवायला हरकत नाही; दहाच्या वर अडकल्या तर पुन्हा रांगोळीच्या चिन्हावर. रेघा ओढणाऱ्याने ठोसे बघायचेच नाहीत, नुसते पाय.